डेड बाय डेलाइट: गेट उघडलं म्हणजे सुटलो असं नाही

या गेमबद्दल कोणाशीही बोला, पहिला प्रश्न ठरलेला असतो. भीती वाटते का? सुरुवातीला वाटते. नंतर छातीची धडधड ऐकू आली की किलर जवळ आलाय, एवढीच ती बातमी उरते. आणि बातमीला कोण घाबरतं?

तरीही 'डेड बाय डेलाइट' विकत घ्या असंच मी सांगेन, आणि ते फक्त शेवटच्या चार-पाच मिनिटांसाठी. त्याआधीचं सगळं म्हणजे त्या मिनिटांची तयारी. ती कधीकधी चक्क रटाळ असते.

नवख्यांसाठी थोडक्यात. मॉन्ट्रियलच्या बिहेवियर इंटरॅक्टिव्ह कंपनीचा हा गेम 2016 च्या जूनमध्ये आला. एका बाजूला चार सर्व्हायव्हर, दुसऱ्या बाजूला एक किलर, आणि दोन्हीकडे खरी माणसं. मैदानात सात जनरेटर असतात, त्यातले पाच चालू केले की दोन एक्झिट गेटना वीज मिळते. एकट्याने जनरेटर करायला दीड मिनिट जातं. बहुतेक किलर सेकंदाला 4.6 मीटर धावतात, आपण 4 मीटर. सरळ रेषेत पळालात की संपलात. पहिल्या फटक्याला जखमी, दुसऱ्याला जमिनीवर, मग किलर उचलून हुकवर टांगतो. साथीदार सोडवू शकतात, पण तिसऱ्या हुकला माणूस गेलाच. वाचायचं ते खिडक्या, पॅलेट (किलरच्या वाटेत पाडायच्या लाकडी फळ्या) आणि भिंतींभोवतीच्या चकरांवर. मी शाळेत खो-खो खेळायचे, त्यामुळे हा भाग मला कोणी शिकवावा लागला नाही. खांबाशी कुठल्या बाजूने हूल द्यायची आणि मागच्याला किती जवळ येऊ द्यायचं, ते पायांना आधीच माहीत होतं. इथे बोटांना शिकवावं लागलं इतकंच.

आमची टोळी अशी: मी कळव्यात, मावसभाऊ ऐरोलीत, वहिनी घणसोलीत, आणि ऑफिसातला एक जण घोडबंदर रोडला, जो शुक्रवारी कायम उशिरा लॉगिन होतो आणि कायम ट्रॅफिकचंच कारण सांगतो. ते खोटं आहे असं कोणी म्हणू शकत नाही. माझ्याकडे हॉलमध्ये आई झोपलेली असते, त्यामुळे किंचाळायची सोय नाही. सगळी भीती कुजबुजत व्यक्त करावी लागते.

आता मुद्द्याचं. पाचवा जनरेटर पूर्ण होतो, भोंगा वाजतो, आणि नवीन खेळाडू धावत सुटतो तो थेट जवळच्या गेटकडे. जुना खेळाडू आधी बघतो की कोण जखमी आहे. कारण गेटचा खटका पूर्ण ओढायला 20 सेकंद लागतात आणि डब्यावरचे लाल दिवे एकेक करून पेटत जातात. ते लांबूनही दिसतात. तुम्हाला दिसतात तसेच किलरलाही. यात चांगली गोष्ट एवढीच की मध्येच हात सोडला तरी झालेलं काम वाया जात नाही. म्हणून दिवे पेटत आले की थांबायचं आणि अगदी शेवटचा क्षण शिल्लक ठेवायचा. सगळे याला 'नाइन्टी-नाइन करणं' म्हणतात. आमच्यात मावसभावाचं हे आवडतं काम, कारण त्याला काहीही अर्धवट ठेवायला आवडतं.

उघडून मोकळं का व्हायचं नाही? कारण गेट पूर्ण उघडलं की एंडगेम कोलॅप्स सुरू होतो. वर पट्टी येते, जमिनीला निखाऱ्यांसारख्या भेगा पडतात आणि दोन मिनिटं मोजायला लागतात. कोणी जमिनीवर पडलेलं किंवा हुकवर लटकलेलं असेल तर घड्याळ निम्म्या वेगाने चालतं. वेळ संपला की आत उरलेल्या प्रत्येकाला ती एंटिटी नावाची शक्ती खाली खेचून घेते, मग तुम्ही गेटपासून दोन पावलांवर असा की वीस.

ही गोष्ट 2019 मध्ये आली आणि माझ्या मते या गेममध्ये झालेला तो सगळ्यात चांगला बदल आहे. त्याआधी किलरला हॅच, म्हणजे शेवटच्या सर्व्हायव्हरला निसटायचं जमिनीतलं झाकण, बंदच करता यायचं नाही. शेवटचा सर्व्हायव्हर आणि किलर हॅचच्या दोन बाजूंना उभे राहायचे. मी हललो तर तू जाशील, तू हललास तर मी मारीन. कोणीच हलायचं नाही, आणि बघणाऱ्याने जांभया द्यायच्या. गेटपाशीही तसंच, लोक उंबऱ्यावर उभे राहून वेळ काढायचे. कोलॅप्सने ती चालढकल संपवली. आता थांबण्याची किंमत सेकंदांत मोजली जाते, आणि थांबायचं कोणासाठी हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

आणि इथेच आमच्यात भांडणं होतात.

समजा तिघं गेटपाशी आहेत, चौथा हुकवर आहे आणि किलर त्याच्यापासून हलायला तयार नाही. गेट नाइन्टी-नाइनवर आहे, म्हणजे घड्याळ अजून सुरू नाही. अशा वेळी मावसभाऊ म्हणतो, "ताई, तू निघ, मी बघतो." तो बघतो म्हणजे काय होतं ते मला माहीत असतं. एकाच्या जागी दोघं जातात. मी हिशोब असा करते: हुक गेटपासून किती लांब आहे, सोडवणारा पूर्ण धडधाकट आहे का, आणि हुकवरच्याचा हा शेवटचा हुक आहे का. हुकवरून सुटलेल्याला काही सेकंद एक फटका पचवायची ताकद मिळते. हुक गेटजवळ असेल तर तेवढ्यात दोघं बाहेर पडतात. शिवाय धडधाकट माणसाला फटका बसला की तो क्षणभर वेगाने पुढे फेकला जातो. उघड्या गेटच्या तोंडाशी हा फटका मुद्दाम खायचा असतो, कारण तोच तुम्हाला बाहेर ढकलतो.

अर्थात किलरकडे 'नो वन एस्केप्स डेथ' हा पर्क, म्हणजे सामन्याआधी निवडलेली खास ताकद, नसेल तर. गेटना वीज मिळाली की हा पर्क जागा होतो आणि पुढे एका फटक्यात माणूस खाली. त्याची मुळी टोटेममध्ये असते. मैदानात कवट्या-काटक्यांची अशी पाच टोटेम असतात, ती आधीच मोडून टाकली तर हा पर्क उठतच नाही. एका टोटेमला 14 सेकंद लागतात. पाचही शोधत बसलं तर जनरेटर कोण करणार, हे आमच्यातलं दुसरं कायमचं भांडण. माझं म्हणणं, वाटेत दिसलं की मोडा, मुद्दाम फिरू नका. घोडबंदरवाले साहेब मात्र पाचही मोडल्याशिवाय पाचव्या जनरेटरला हात लावू देत नाहीत. यात ते बरेचदा बरोबर ठरतात, हे त्यांना सांगू नका.

'ब्लड वॉर्डन' मला जास्त भारी वाटतो. गेट उघडल्यावर किलरने कोणाला हुकवर टांगलं की दोन्ही गेटच्या तोंडाशी काटे उभे राहतात आणि बाहेर जाणं तेवढा वेळ बंद. कोलॅप्सचं घड्याळ चालू, गेट उघडं, आणि तुम्ही आत. आम्ही आपसात कस्टम सामने खेळतो तेव्हा वहिनी किलर असतात आणि हाच लावतात. किलरलाही गेट उघडता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वहिनींना आहे. आम्ही नाइन्टी-नाइन करून हुशारीने लपून बसलो की त्या शांतपणे येऊन गेट स्वतःच उघडतात. एकदा मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही घरात इतक्या शांत असता." त्या म्हणाल्या, "घरात हुक नाहीत ना."

'नो वे आऊट'ही ऐकून ठेवा. गेटच्या खटक्याला कोणी हात लावला की दोन्ही खटके काही काळ अडवले जातात, आणि किलरने जितक्या वेगवेगळ्या लोकांना टांगलं असेल तितका तो काळ लांबतो. उलट बाजूने 'वेक अप' पर्क गेट लवकर उघडायला मदत करतो, आणि शेवटच्या जनरेटरला 'ॲड्रेनालिन' जखम भरून देतो. दोन्ही चांगले आहेत, पण सामना तिथवर पोचलाच नाही तर पर्कची जागा फुकट जाते.

हॅचबद्दल माझं मत जरा कडू आहे. एकच सर्व्हायव्हर उरला की जमिनीत कुठेतरी झाकण उघडतं, वाऱ्याच्या घोंघावण्यासारखा आवाज येतो, आणि जो आधी पोचेल त्याचं. तुम्ही पोचलात तर उडी मारून सुटलात. किलर पोचला तर तो ते बंद करतो, गेटना वीज मिळते आणि कोलॅप्स सुरू. 'लेफ्ट बिहाइंड' पर्क लावलेला असेल तर हॅच शोधणं सोपं जातं, नसेल तर कान टवकारायचे. यात कौशल्यापेक्षा नशीब जास्त आहे. तीन जण मेल्यावर चौथ्याला मिळालेली ही सोडत मला कधी जिंकल्यासारखी वाटली नाही.

हॅच बंद झाल्यानंतरचा खेळ मात्र सोन्यासारखा आहे. दोन गेट, एक किलर, दोन मिनिटं, त्यात 20 सेकंद खटक्यापाशी काढायचे. किलर एका गेटकडून दुसऱ्याकडे येरझाऱ्या घालतो. पळायचं नाही, पळालात की जमिनीवर लाल ओरखडे उमटतात. चालत जायचं, आडोशाला बसायचं, त्याने पाठ फिरवली की खटका ओढायचा, दिवा पेटला की बाजूला व्हायचं, परत यायचं. मैदानाने दोन्ही गेट एकाच नजरेत बसतील अशी जवळजवळ दिली असतील तर मात्र हात जोडा.

काय आवडत नाही? गेटच्या तोंडाशी उभं राहून उठाबशा काढत किलरला चिडवणारे लोक. पट्टी संपत आली तरी जात नाहीत. अशांना पकडलं गेलेलं बघताना मला आनंद होतो, मग तो माझ्याच टीमचा का असेना. दुसरं म्हणजे अनोळखी लोकांबरोबर एकट्याने खेळताना बोलायची सोय नाही. वर लिहिलेला हिशोब चार डोक्यांत चार वेगळ्या प्रकारे चालतो आणि त्यात हुकवरचा जातो. चार ओळखीची माणसं आणि एक व्हॉइस कॉल असेल तरच शेवटची मिनिटं खरी रंगतात.

घ्यायचा असेल तर स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) सेल लागेपर्यंत थांबा, तो लागतोच. आधी फक्त मूळ गेम घ्या, पुढचे चॅप्टर, म्हणजे वेगळे विकत घ्यायचे नवे किलर आणि सर्व्हायव्हर, नंतर. त्यांचा खर्च बघता बघता वाढतो. पर्कचे आकडे अपडेटगणिक बदलतात, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून पाठांतर करू नका. फोनवर खेळू म्हणणाऱ्यांसाठी, मोबाइलचा गेम 2025 मध्ये बंद झाला. पीसी किंवा कन्सोल लागेलच, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांबरोबर खेळू शकतात. सुरुवातीचे काही सामने किलर म्हणून खेळा, म्हणजे गेटवरचे दिवे लांबून किती स्पष्ट दिसतात ते कळेल. शुक्रवारी रात्री आम्हाला चौथा माणूस लागतो. घोडबंदर रोडला राहणारा नको.