माजी सैनिकांनो, अंगठा देण्याआधी हे वाचा

फौजेतून आलेल्या ज्या माणसाला पेन्शन आहे त्याला फसवणारे वेगळे, आणि ज्याला नाही त्याला फसवणारे वेगळे. पहिले फोनवर येतात, "हयातीचा दाखला बाकी आहे, ओटीपी सांगा" म्हणतात. त्यांच्याबद्दल पेपरात बरंच येतं. दुसरे घरी येतात, ओसरीवर बसतात, चहा घेतात, म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी करतात. मी लिहितोय ते या दुसऱ्यांबद्दल.

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे, आधारच्या अंगठ्यावर लोकांना खात्यातले पैसे काढून द्यायचं. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, सगळी शेती पावसाच्या भरवशावर. त्यामुळे आमच्याकडची पोरं मिसरूड फुटलं की भरतीसाठी धावायला लागतात, आजची नाही, कित्येक पिढ्यांची रीत आहे. आणि जो जाऊन आला तो गावाचा 'मेजर', मग तो शिपाई म्हणून परतलेला का असेना.

आमच्या मेजर काकांचा हुद्दा नायक, हवालदाराच्या एक पायरी खालचा. 1967 ला महार रेजिमेंटमध्ये भरती, ट्रेनिंग मध्य प्रदेशातल्या सागरला, 1971 च्या लढाईत पश्चिम आघाडीवर. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल दोन्ही आहेत. 1977 ला वडील वारले, घरात दोन बहिणी लग्नाच्या, सात एकर कोरडवाहू पाहायला कोणी नाही. काकांनी अर्ज दिला आणि नाव कापून घरी आले. सेवा भरली 10 वर्षं. जवानाला सर्व्हिस पेन्शन लागू व्हायला 15 वर्षं लागतात. तेव्हा ग्रॅच्युइटीचे थोडे पैसे हातात पडले आणि विषय संपला.

म्हणजे कागदावर संपला. त्यांच्याच गल्लीत दुसरे एक मेजर आहेत. त्यांची नोकरी 17 वर्षांची, सगळी शांततेच्या काळातली, गोळीचा आवाज ऐकला तो रेंजवर. त्यांना दर महिन्याला पेन्शन, आजारपणात ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेची औषधं. नियम नियमाच्या जागी बरोबर आहे, पण पारावर बसल्यावर नियम कोण वाचतो? "लढाई केली यानं अन् पेन्शन खाते तो," असं लोक मजेत म्हणायचे. काका हसायचे. ते हसणं खरं नव्हतं हे आम्हाला फार उशिरा कळलं.

15 ऑगस्टला जिल्हा परिषदेच्या शाळेत काकांना झेंड्यापाशी मानानं उभं करतात. मेडल लावून, इस्त्रीचा शर्ट. कुणीतरी फोटो काढला, व्हॉट्सअॅपवर फिरला, खाली गावाचं नाव. पंधरा-वीस दिवसांत तो माणूस दारात हजर. पांढरा शर्ट, गळ्यात लॅमिनेट केलेलं ओळखपत्र, हातात तिरंगी रिबिनीची फाईल. आल्याबरोबर टाच आपटून सॅल्यूट: "जय हिंद साहेब!" काकू सांगतात, त्या सॅल्यूटनंच अर्धं काम झालं. पन्नास वर्षांत त्यांना असा सॅल्यूट कुणी केला नव्हता. मी स्वतः त्यांना रोज "काय मेजर, आधार आणलं का?" एवढंच विचारायचो.

तो निव्वळ थापाड्या असता तर काका फसले नसते. त्याच्या बोलण्यात निम्मं खरं होतं. तो म्हणाला, रिझर्व्हिस्ट पेन्शन असते. असते! त्या काळात काही जवानांची भरती काही वर्षं प्रत्यक्ष सेवा आणि काही वर्षं रिझर्व्ह (घरी राहायचं, गरज पडली तर बोलावतील तेव्हा जायचं) अशा अटीवर व्हायची; दोन्ही मिळून 15 वर्षं भरली तर ती पेन्शन मिळते. पण काकांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तकात, सुटण्याचं कारण 'स्वतःच्या विनंतीवरून, घरगुती अडचणीमुळे' असं आहे. ते रिझर्व्हमध्ये गेलेच नाहीत. तो म्हणाला, वन रँक वन पेन्शन (सारखा हुद्दा, सारखी सेवा, तर सारखी पेन्शन) आल्यापासून सगळे सारखे झाले. ती योजना 1 जुलै 2014 पासून लागू आहे हे खरं, पण ती ज्याला पेन्शन चालू आहे त्याची पेन्शन वाढवते, नसलेल्याची सुरू करत नाही. तो म्हणाला, आता 'स्पर्श' पोर्टलवर जुन्या फायली उघडल्या आहेत. स्पर्श हे संरक्षण खात्याचं पेन्शन वाटपाचं पोर्टल आहे हे बरोबर, जुने पेन्शनर त्यावर नेले हेही बरोबर. नाकारलेली प्रकरणं त्यावर आपोआप जिवंत होत नाहीत. सेवेत कमी पडलेला काळ काही प्रकरणांत माफ होतो, पण तो वर्षभरापर्यंतचा. पाच वर्षांचा नाही.

आता हे सगळं ओसरीवर बसलेल्या शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला कसं कळावं? त्याच्यासमोर गणवेशातल्यासारखा बोलणारा माणूस आहे आणि तो म्हणतोय, "साहेब, तुमच्यावर अन्याय झाला." हे वाक्य काकांना पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

सुरुवातीला 1,500 रुपये, फाईल उघडायचे. मूळ डिस्चार्ज बुक 'व्हेरिफिकेशन'साठी घेऊन गेला. दिवाळीच्या आसपास 12,000, दिल्लीच्या वकिलाचे. आणि एक ताकीद: "मंजुरी येईपर्यंत कुणाला बोलू नका, आर्मीचं काम गोपनीय असतं." फौजी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुलगा चाकणला कंपनीत आहे, दर रविवारी फोन करतो. त्यालाही काकांनी चकार शब्द सांगितला नाही.

फेब्रुवारीत पत्र आलं. पोस्टानं नाही, तोच घेऊन आला. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का, मध्ये 11 लाख 40 हजारांचा एरियर, म्हणजे मागची थकबाकी, मंजूर. तो मिळण्याआधी 38,000 रुपये टॅक्स आगाऊ भरायचा. काकूंचं डोरलं गहाण पडलं. पैसे घेतले रोख. आणि त्याच बैठकीत त्यानं खिशातून अंगठ्याचं काळं यंत्र काढून मोबाईलला लावलं: "पेन्शन मंजूर झाली साहेब, आता हयातीचा दाखला लगेच लागतो."

मी अंगठ्याचंच काम करतो, म्हणून ही जागा नीट सांगतो. जन्मभर डवरा-वखर धरलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. माझ्या केंद्रातही अशा माणसाचा अंगठा दोन-तीनदा ठेवल्याशिवाय लागत नाही. कधी बोट पुसायचं, कधी थोडं ओलं करायचं, कधी दुसरं बोट. त्यामुळे "साहेब, आला नाही, पुन्हा ठेवा" असं कुणी म्हटलं तर कुणालाच खटकत नाही. त्यानं दोनदा ठेवायला लावला. दोन्ही वेळा अंगठा लागला होता. आधारला जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर एका वेळी 10,000 पर्यंत काढता येतात. दोनदा मिळून कापसाच्या पैशांतले 20,000 गेले. मेसेज गेला मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर.

हे उघडकीला आलं ते काका औषधाला पैसे काढायला माझ्याकडे आले तेव्हा. शिल्लक ऐकून म्हणाले, "मशीन खराब हाये तुह्यं." मी मिनी स्टेटमेंट काढलं. एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतरानं दोन नोंदी. त्या दिवशी कोणाकडे अंगठा दिला विचारलं तर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुले सांगता येत नाई. ऑर्डर हाये."

शेवटी काकूंनीच पिशवीतून ते पत्र काढून काउंटरवर ठेवलं. मी तारीख पाहिली: 26 जानेवारी. म्हटलं, "काका, या दिवशी तुम्ही कुठं होते?" "शाळेत. झेंड्यापाशी." "मग दिल्लीचा साहेब त्या दिवशी हापिसात काय करत होता?" काकांनी पत्र माझ्या हातून घेतलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं. "पाय बरं," एवढंच म्हणाले, आणि काकूंकडे पाहिलं नाही.

तारीख सोडा, पत्रात बाकीही पकडण्यासारखं होतं. सरकार एरियर द्यायच्या आधी टॅक्स रोखीनं मागत नाही. जो कापायचा तो देतानाच कापतं. 1977 पासूनचा एरियर तर कोर्टातूनही सहसा मिळत नाही. पेन्शनच्या उशिरा आलेल्या दाव्यांत थकबाकी साधारण अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच द्यायची, असं सुप्रीम कोर्टानं 2008 मध्ये सांगितलेलं आहे. आणि हयातीचा दाखला ज्याची पेन्शन चालू आहे त्याच्यासाठी असतो. पेन्शन सुरूच नसलेल्या माणसाकडे अंगठा मागणारा दाखला काढत नसतो, पैसे काढत असतो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, ठाण्यात तक्रार दिली. रोखीला पावती नाही, त्यामुळे ती बाजू लंगडी. पण अंगठ्यावर काढलेल्या पैशांचा माग राहतो, कोणत्या एजंटच्या आयडीवरून निघाले ते बँकेला दिसतं. तपास त्याच धाग्यावर चालू आहे. (चारशे वीस म्हणायची सवय जात नाही, पण नव्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम आता 318 आहे. ठाण्यात 420 म्हटलं तरी समजून घेतात.) काकांचं आधार बायोमेट्रिक लॉक करून दिलं, ते आधारच्या अॅपवरून फुकट होतं, लागेल तेव्हा उघडता येतं. गावातल्या बाकी म्हाताऱ्यांचंही तसंच करून देतोय.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 1977 पासून या माणसाला कुणी कागदावर 'नाही' म्हणून सांगितलं नव्हतं. जो भेटला तो म्हणाला, "पाहू, होऊन जाईल." पुढारी म्हणाले, नातेवाईक म्हणाले, मेळाव्यात हार घालणारे म्हणाले. त्या 'पाहू'वरच तो भामटा येऊन बसला. म्हणून आम्ही आधी एक काम केलं: रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या सागरच्या अभिलेख कार्यालयाला काकांच्या नावानं माहितीच्या अधिकारात अर्ज, सोबत 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर. त्यात विचारलं: माझी सेवा किती, कोणत्या कारणानं सुटलो, कोणती पेन्शन लागू होते आणि होत नसेल तर कोणत्या नियमानं. उत्तर आलं. सेवा, कारण, नियम, आणि शेवटी पेन्शन देय नाही. मी वाचून दाखवलं. वाटलं होतं काका खचतील. ते म्हणाले, "आता कसं, सरळ सांगतलं. इतके दिवस काहून नाई सांगतलं कोनं?"

आणि त्या भामट्यानं जे सांगितलं नाही तेही ऐका. ज्याला पेन्शन नाही, वय 65 च्या वर आहे आणि हुद्दा हवालदारापर्यंत होता, अशा गरजू माजी सैनिकाला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळू शकतं. ते 4,000 होतं, 1 नोव्हेंबर 2025 पासून 8,000 केलं आहे. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो आणि त्याला एक पैसा लागत नाही. काका दहा वर्षांपूर्वीच त्या वयात बसले होते. दारातून एसटी अमरावतीला जाते, पण कुणी त्या हापिसात नेलं नाही.

अर्ज भरायला घेतला तर मूळ डिस्चार्ज बुक नाही, ते त्याच्याकडेच राहिलं. हरवलेल्या पुस्तकाऐवजी अभिलेख कार्यालय दाखला देतं, त्याला पोलीस तक्रारीची प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं. दोन्ही सागरला पाठवलंय. म्हणून सांगतो, डिस्चार्ज बुकाचं प्रत्येक पान मोबाईलवर फोटो काढून मुलाला, सुनेला पाठवून ठेवा, आणि मूळ पुस्तक कुणाच्याही फाईलीत जाऊ देऊ नका. ज्याला पाहायचं आहे तो तुमच्यासमोर पाहील.

तो माणूस अजून फिरतोय. मागच्या आठवड्यात अकोट तालुक्यातल्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला, सासरे फौजेतले. दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, एक साहेब बसले हायेत, सॅल्यूट केला बुवाले, आता अंगठा मांगून राह्यले." मी म्हटलं, चहा ठेवा, आणि सरपंचांना बोलवून आणा. चहा होईपर्यंत गाडी सुरू झाली होती. नंबरचे शेवटचे दोन आकडे त्यांच्या मुलानं टिपले, ते ठाण्यात देऊन आलो.