पानावर पिल्ले धरणारी निळी वॉटर लिली : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारीत मुलुंडच्या घराच्या गॅलरीसाठी ‘निळे कमळ’ म्हणून साडेतीनशे रुपयांना एक कंद ऑनलाइन मागवला होता. पहिले पान पाण्यावर पसरले आणि कडेपासून देठापर्यंत गेलेली चीर दिसली, तेव्हाच हे कमळ नसून कुमुद, म्हणजे नर्सरीवाल्यांची वॉटर लिली आहे, हे कळले. कमळाच्या पानाला अशी चीर नसते. विक्रेत्याने पैसे परत करण्यास नकार दिला. त्या रागात मी पाचपैकी एक तारा दिला होता. आज तो बदलून चार करीत आहे.

सोबतच्या सूचनापत्रकात मातीत निम्मे शेणखत मिसळण्यास सांगितले होते. ते पाण्याखाली कुजले, पाणी हिरवे पडले आणि वासामुळे गॅलरीचे दार बंद ठेवावे लागले. मार्चमध्ये सारे उपसून बिनखताची चिकट माती भरली, वर जाड वाळूचा थर दिला आणि डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडले. चार तासांच्या उन्हावर एप्रिलअखेर पहिले फूल आले. फूल सुंदर आहे, परंतु मत बदलले ते पानामुळे.

जूनमध्ये देठ जिथे पानाला जुळतो, नेमक्या तिथे एक लवदार गाठ दिसू लागली. रोग समजून मी अशी तीन पाने खुडून टाकली, याची हळहळ अजून वाटते. चौथे नजरेतून सुटले आणि त्या गाठीतून नखाएवढी पाने व खाली पांढरी मुळे फुटली. पश्चिम आफ्रिकेतील निम्फिया मायक्रान्था या जातीचा हा गुण तिच्या काही संकरांत उतरला आहे. इतर बहुतेक वॉटर लिलींना असे पिल्लू पानावर धरत नाही.

घाई मात्र करू नये. मुळे फुटण्याआधी वेगळे केलेले माझे एक पिल्लू सडले. जुने पान पिवळे पडू लागले की ते थोड्या देठासह कापावे, पिल्लाची मुळे लहान कुंडीतल्या मातीत टेकवावीत, पान तरंगू नये म्हणून कडेवर खडा ठेवावा आणि वर दोन बोटे पाणी राखावे. पावसाळ्यात ऊन नसल्याने फुले थांबली, पिल्ले मात्र येत राहिली. आता एका कंदाची सात रोपे झाली आहेत, म्हणजे रोप पन्नास रुपयांना पडले; त्यांतली चार शेजाऱ्यांकडे जुन्या बादल्यांत वाढत आहेत.

पाचवा तारा विक्रेता जाहिरातीतला ‘कमळ’ हा शब्द काढील तेव्हा देईन.