ग्रंथालयासाठी रोबो, लॉकर की परिचर? खान्देशातल्या कॉलेजांसाठी तुलना

साडेबाराला तास सुटतो आणि एकची एसटी असते. मधल्या अर्ध्या तासात डबा खायचा, ग्रंथालयात यायचं आणि स्टँड गाठायचा. चोपडा, शिरपूर, शहादा, अमळनेर, तालुक्याचं कुठलंही कॉलेज घ्या, खेड्यावरून येणाऱ्या मुलामुलींचा दिवस बसच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. देवघेवीच्या काउंटरवर रांग दिसली की ती दारातूनच मागे फिरतात. ग्रंथपाल म्हणून मी हे रोज बघते आणि दरवेळी मला वाईट वाटतं. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सची मुलं "मॅडम, ग्रंथालयासाठी रोबो आणि अ‍ॅप करायचं आहे" म्हणत आली, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

तुमच्या संस्थेतही असा प्रस्ताव आला असेल, तर समोर साधारण तीन वाटा असतील: आवारातून विभागाविभागांत फिरणारा रोबो, इमारतीच्या आतच फिरणारा रोबो, किंवा रोबोऐवजी पुस्तकांचे लॉकर आणि ते भरणारा परिचर. अ‍ॅप तिन्हींना लागतं. मी तिन्ही एकाच मापाने मोजते. मुलीची बस सुटायच्या आत पुस्तक तिच्या हातात पडतं का?

आधी एक गैरसमज दूर करते, कारण आमच्या प्राचार्यांचाही तोच होता. रोबो रॅकवरून पुस्तक काढून आणत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या हंट ग्रंथालयात 2013 पासून यंत्र पुस्तक काढून देतं, पण तिथे सुमारे 20 लाख ग्रंथ मावतील अशी पेट्यांची आणि क्रेनची इमारतच त्यासाठी बांधली आहे. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू शहरात एक रोबो घरोघरी जाऊन वाचकांची परतीची पुस्तकं गोळा करायचा. त्याच्यासोबत माणूस चालत असे आणि ती पुस्तकं पुढे रॅकला लावायला माणसंच लागत. आपल्याला परवडणारा रोबो फक्त वाहून नेतो. शोधायचं, काढायचं, नोंदवायचं काम परिचरदादांचंच राहतं. पुस्तक रॅकवर जागेवर नसेल तर तिन्ही वाटा सारख्याच निकामी.

आवारातला रोबो

चित्रफितींमध्ये दिसतो तो हाच. 2019 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात स्टारशिप कंपनीच्या 25 रोबोंनी खाणं पोचवायला सुरुवात केली. सहा चाकं, माणसाच्या चालीचा वेग, साधारण 10 किलो ओझं. तिकडच्या फरशीबंद पायवाटांवर ते जमतं.

आपल्याकडे पुस्तकांची मागणी सगळ्यात जास्त परीक्षेच्या तोंडावर, म्हणजे मार्च ते मे. त्याच दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो. लिथियमच्या बहुतेक बॅटऱ्या 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं बनवणारेच सांगतात, आणि उन्हात उभ्या पेटीच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी उष्णता त्यातल्या त्यात जास्त सोसते, ती घ्या, पांढरा रंग द्या, चार्जिंग सावलीत आणि सकाळी करा. तरीही दुपारी दोनला तो रोबो बाहेर काढायला माझं मन धजणार नाही. मग जुलै येतो. काळी माती चाकांना अशी चिकटते की बैलगाडीचं चाकसुद्धा जड होतं, तिथे हाताएवढ्या चाकाचं काय होणार? जळगावच्या विद्यापीठासारखं टेकडीवरचं आवार असेल तर चढ-उतार वेगळेच. आणि दोन इमारतींच्या मध्ये सार्वजनिक रस्ता असेल तर विषय तिथेच सोडा. रहदारीत असं विनाचालक वाहन सोडण्याची जबाबदारी कॉलेजने घेऊ नये.

सिमेंटचा रस्ता, सावली आणि एकच बंदिस्त आवार असलेल्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजला हिवाळ्यात हा प्रयोग करता येईल. बाकीच्यांनी यावर पैसे घालू नयेत.

इमारतीतला रोबो

इथे मला खरा अर्थ दिसतो. आत ऊन नाही, चिखल नाही, फरशी सपाट. पुस्तकांचा साठा एका टोकाला आणि अभ्यासिका दुसऱ्या टोकाला असेल, किंवा मुक्तद्वार पद्धत (वाचकाने स्वतः रॅकवरून पुस्तक घेणं) नसेल, तर परिचराच्या दिवसभराच्या येरझाऱ्या वाचतात.

रस्ता शोधण्याच्या दोन रीती आहेत. एक, फरशीवर पट्टी चिकटवायची आणि तिच्यावरून रोबो चालवायचा. स्वस्त, डिप्लोमाची मुलंही करतात. पण पट्टी झाडूपोछ्याने उखडते, वर कुणाचं दप्तर पडलं की रोबो तिथेच उभा. दुसरी, लायडार, म्हणजे लेझरने आजूबाजूची अंतरं मोजणारं यंत्र, लावून खोलीचा नकाशा रोबोलाच बनवू द्यायचा. त्यासाठीचं आरओएस 2 हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, छोट्या रास्पबेरी पाय संगणकावर चालतं, आणि दप्तर आडवं आलं तर रोबो वळसा घालतो. खर्च वाढतो, शिकायला एक सत्र जातं. मी दुसरीच्या बाजूने आहे. एक सावधगिरी: साधा लायडार एकाच उंचीवर बघतो. खुर्चीचे पाय त्याला दिसतात, पण टेबलाची फळी आणि जमिनीवर पसरलेले पाय सुटतात. पुढे धक्का लागताच रोबो थांबवणारा बंपर स्विच आणि तो बंद करायला दिसेल असं लाल बटण हवंच.

आमचा पहिला रोबो अभ्यासिकेच्या उंबरठ्यावर अडला. जेमतेम दीड इंचाचा उंबरठा, पण मागची पुस्तकं घसरून पुढे आली आणि तो तोंडावर पडला. मुलं रडवेली झाली होती. शेवटी सुताराकडून लाकडी उतार करून घेतला: एक इंच उंचीला बारा इंच लांबी, चाकाच्या खुर्चीसाठी लावतात तेच प्रमाण. त्याच उतारावरून आता कुबड्या घेऊन येणारा आमचा एक विद्यार्थीही ये-जा करतो. तो उतार आधीच त्याच्यासाठी व्हायला हवा होता, रोबोसाठी नव्हे.

वेगाचा हिशेब करा. माणसांच्या गर्दीत रोबो सेकंदाला अर्ध्या मीटरहून जोरात नेऊ नये. अंतर 60 मीटर धरलं तर जायला दोन मिनिटं, यायला दोन, भरण्या-काढण्यात तीन. म्हणजे तासाला आठ फेऱ्या. एका फेरीत एकच पुस्तक नेलं तर तासाला आठ पुस्तकं, यापेक्षा काउंटर बरं. सहा कप्पे केले तर 48. म्हणून मोटर मोठी करण्यापेक्षा कप्पे वाढवा. पाठ्यपुस्तक पाऊण-एक किलोचं असतं, तेव्हा सहा-आठ किलोची तयारी पुरते. आवाज द्यायचा तर आपला द्या. आमच्या रोबोला मुलांनी "जरासं बाजूले व्हा भाऊ" म्हणायला शिकवलं, तेव्हापासून वाट लवकर मिळते.

मात्र तो जिना चढत नाही. साठा वरच्या मजल्यावर असेल तर पुस्तकांची छोटी लिफ्ट बसवा, ती रोबोपेक्षा जास्त वर्षं टिकेल.

लॉकर आणि परिचर

विद्यार्थी सकाळी बसमधून येतानाच मागणी नोंदवतो, परिचर अकरापर्यंत पुस्तकं काढून फाटकाजवळच्या लॉकरमध्ये ठेवतो, जाताना मुलगी ओळखपत्र दाखवून कप्पा उघडते. अर्ध्या मिनिटाचं काम. बसच्या मापाने ही वाट पहिली येते, हे मला मान्य करावं लागतं. वीज गेली तर छोट्या बॅटरीवर किंवा किल्लीने उघडता येतं. दूरच्या विभागात पुस्तकं न्यायला परिचरदादांना सायकल आणि मागे झाकणाची पेटी द्या. भीती एकच, काम वाढलं आणि माणूस तेवढाच राहिला. रिकामी पदं तशीही भरली जात नाहीत. लॉकर घेणार असाल तर परिचराचे सकाळचे दोन तास या कामासाठी लेखी मोकळे करून द्या.

अ‍ॅप

पैसे कमी असतील तर ते इथे घाला. बऱ्याच घरी फोन एकच, त्यात जागा नसते; प्ले स्टोअरवरून उतरवायचं अ‍ॅप मुलं आठवड्यात काढून टाकतात. भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की उघडणारं साधं वेबपान बरं. धडगाव-अक्कलकुवा भागात ते कमी रेंजमध्येही उघडलं पाहिजे, म्हणून मुखपृष्ठांची चित्रं नकोत. कप्पा उघडायला ओटीपी ठेवू नका. रेंज नसली की ओटीपी येत नाही आणि बस निघून जाते. ओळखपत्रावरचा बारकोड रोबोलाच वाचता येतो.

अ‍ॅपच्या मागे ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर कोणतं आहे ते आधी बघा. कोहा मुक्त आहे, न्यूझीलंडमध्ये जन्मलं, आणि बाहेरच्या अ‍ॅपला मागणी नोंदवायची सोय त्यात आहे. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राचं सोल किंवा एनआयसी या सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालय असेल तर तशी जोडणी तुमच्या आवृत्तीत होते का, हे मुलांनी एक ओळ लिहिण्याआधी विचारून घ्या.

सगळ्यात जास्त घाम आम्ही तालिकेवर, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या यादीवर गाळला. जुन्या मराठी नोंदी युनिकोडच्या आधीच्या, आजच्या देवनागरी टायपिंगशी न जुळणाऱ्या फॉन्टमध्ये, काही रोमन लिपीत, एकाच लेखकाचं नाव चार प्रकारे. मुलगा देवनागरीत शोधतो आणि "पुस्तक उपलब्ध नाही" येतं, पुस्तक मात्र दहा फुटांवर असतं. दाखलांकानुसार (पुस्तक ग्रंथालयात आल्यावर मिळतो त्या क्रमांकानुसार) नोंदी दुरुस्त करायला आम्हाला दोन उन्हाळे लागले. रोबो बनवायला एक सत्र पुरलं.

आणि कोण काय वाचतं हे रोबोच्या पडद्यावर दिसता कामा नये. मनाच्या आजाराचं पुस्तक मागवणाऱ्या मुलीचं नाव सगळ्या अभ्यासिकेला कळलं, तर ती पुन्हा मागवणार नाही. पडद्यावर फक्त कप्प्याचा क्रमांक. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे. पुस्तक परत आल्यावर अ‍ॅपमधली नोंद पुसायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

मग घ्यायचं काय? तालुक्याचं कला-विज्ञान कॉलेज, एक-दोन परिचर, मुलं एसटीची: वेबपान आणि लॉकर. जळगाव-धुळ्यासारख्या शहरात मोठी अभ्यासिका, रात्री दहापर्यंत स्पर्धा परीक्षेची मुलं बसलेली, शिवाय घरचाच इलेक्ट्रॉनिक्स विभाग: इमारतीतला रोबो, आणि तो मुलांकडूनच बनवून घ्या. तयार रोबो लाखांच्या घरात जातो आणि बिघडला की दुरुस्तीला पुण्या-मुंबईकडे बघावं लागतं. मुलांनी केलेला रोबो पुढच्या वर्षीची मुलं दुरुस्त करतात. तालिका अजून वहीतच असेल तर यातलं काहीही आत्ता घेऊ नका. या सुट्टीत दोन संगणक आणि चार विद्यार्थी बसवा, "कमवा आणि शिका" योजनेमधून त्यांचं मानधन काढा आणि दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानापासून सुरुवात करा.