पोटावर प्रोब की थेट सीटी?

वाळपईहून रात्री पोट धरून आलेल्या पेशंटच्या मुलाचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, इथे वेळ कशाला घालवायचा? सरळ बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन सीटी स्कॅनच करूया की!" हट्ट अगदीच वेडा नाही. आधी एवढंच बघा, तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय.

आतडं अडलंय का, हे सोनोग्राफीचा प्रोब पोटावर फिरवून खाटेवरच पाच-दहा मिनिटांत कळू शकतं. लहान आतडं २.५ सेंमीपेक्षा जास्त फुगलेलं, आणि आतलं पाणी पुढे सरकायचं सोडून झोपाळ्यासारखं मागेपुढे हेलकावतंय. उभ्याने काढलेल्या एक्स-रेपेक्षा इथे माझा प्रोबवर जास्त विश्वास. पण कुठे अडलं, कशाने अडलं, त्या भागाचा रक्तपुरवठा शाबूत आहे का? इथे सीटीच हवी. ऑपरेशन करायचं तर सर्जनही बहुधा तीच मागणार.

तान्ह्या बाळाचं गणित उलटं. थांबून थांबून कळवळतं, पाय पोटाशी घेतं, तेव्हा आतड्यात आतडं शिरल्याची शंका येते. सोनोग्राफीत ते आडव्या चिरलेल्या कांद्यासारखं दिसतं, गोलात गोल. तिथे सीटीचा आग्रह धरू नका.

अपेंडिक्समध्ये मात्र फसगत होते. दाबून न दबणारी, ६ मिमीहून जाड नळी दिसली तर निदान जवळपास झालंच. दिसलीच नाही तर? न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. पोट सुटलेलं असलं, आतड्यात गॅस भरलेला असला की प्रोब हात टेकतो. (चवथीनंतरच्या आठवड्यात गॅसचं विचारूच नका!) शिवाय प्रोब कोणाच्या हातात आहे, यावर अर्धा निकाल ठरतो.

पोटाच्या सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग, वर कॉन्ट्रास्टसाठी (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघावं लागतं. गरोदर बाईला म्हणूनच आधी सोनोग्राफी. क्रोन्सच्या (आतड्याला वारंवार सूज आणणारा जुनाट आजार) पेशंटलाही आतड्याची भिंत ३ मिमीच्या वर गेली का, हे पुन्हा पुन्हा बघायला तीच बरी. आयबीएसबद्दल, म्हणजे आतडं दिसायला ठीक पण कामात कुरकुरणारं, दोन्ही मशीन्स गप्प.

"मशीन घरी आणा ना" असंही कोणी म्हणतं. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, ते पिशवीत घालून फिरवता येत नाही.

पोट लाकडासारखं कडक आणि नाडी धावतेय, असं असेल तर मी प्रोबसाठीही थांबत नाही. सलाईन लावतो, १०८ बोलावतो आणि गाडी पोचायच्या आत सर्जनला फोन करतो.