ज्या व्हॉल्वची कॉइल बदलली, तो व्हॉल्वच नव्हता

एका एसीपायी एकूण 49,600 रुपये गेले. घरी अजून 43,800 च माहीत आहेत, पुढचं सांगायची हिंमत झालेली नाही.

मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहतो. निवृत्तीनंतर माडीवरच्या खोलीत हारमोनियम दुरुस्त करतो. इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, लाकूड आवळतं, फळीला चिरा पडतात. जानेवारीत उलट, भात्याला लावायचा सरस ब्रशवरच गोठतो. आणि सुरांचं ट्यूनिंग एका तापमानाला करावं, दुसऱ्या तापमानाला वाजवावं, तर आपणच आपल्याला शिव्या घालतो. म्हणून हॉट अँड कोल्ड स्प्लिट एसी घ्यायचं ठरवलं. हौस नव्हती, गरज होती.

मे 2025. महाराज बाडा चौकामागच्या गल्लीतला दुकानदार मराठी बोलायचा. "काका, आपल्या माणसाला मी फसवेन का? शोरूमचा डिस्प्ले पीस आहे, दीड टन. बिल घेतलंत तर 28 टक्के जीएसटी." (आता तो 18 झालाय, माझ्या काय उपयोगाचा!) 38,500 ला सौदा झाला, 10,000 यूपीआयने, बाकी रोख. फिटिंगचे 1,800, दहा फूट जादा तांब्याच्या पाइपचे 3,500. हातात कच्ची पावती. मी काही करचुकवा नाही, पण 28 टक्के ऐकल्यावर भल्याभल्यांचा हात खिशातच अडकतो. हीट चालवून दाखव म्हटलं, तर म्हणाला, "उन्हाळ्यात हीट लावाल तर कॉम्प्रेसर बसेल काका." थाप होती. खोली 22 पर्यंत गार करायची, मग हीट 30 वर लावायची. दहा मिनिटांत आतून गरम हवा आलीच पाहिजे. पैसे त्यानंतर.

कूलिंग झकास होतं, त्यामुळे सात महिने मी त्याचे गुणच गात होतो. दोघा ओळखीच्यांना त्याचा नंबरही दिला.

जानेवारीत हीट लावली. रिमोटवर सूर्य उगवला, आतून गार वारा. गच्चीवर जाऊन बघितलं, तर बाहेरच्या युनिटचा पंखा गरम हवा फेकत होता. आणि मी, अक्कलशून्य माणूस, त्या हवेवर हात शेकत उभा राहिलो! हीटवर मशीन बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतं, म्हणजे बाहेर गार हवा पडायला हवी. चाळीस वर्षं भात्यातून हवा कुठून घुसते आणि कुठून निघते हेच बघत आलेल्या माणसाला एवढं कळू नये? हात मात्र छान शेकले.

दुकानदाराचाच मेकॅनिक आला. "गॅस कम है." 3,200. वजनकाटा नाही, काही नाही, सिलिंडर लावला नि काढला. गॅस वजनावर भरतात, आणि गळती नसेल तर तो कमी होतच नाही. आठवड्याने पुन्हा आला, "फोर-वे व्हॉल्व की कॉइल जल गई." 2,600. जुनी कॉइल मागितली, तर म्हणे कंपनीत जमा करावी लागते.

शेवटी भाच्याने दुसरा माणूस आणला. त्याने बाहेरच्या युनिटचं झाकण काढलं आणि हसायलाच लागला. गॅसची दिशा उलटवणारा फोर-वे व्हॉल्व त्यात नव्हताच. मशीन निव्वळ कूलिंगचं, आत युनिव्हर्सल बोर्ड ठोकलेला, म्हणून रिमोटवर सूर्य. नवा स्टिकर नखाने सोलला तर खाली जुना, 2016 चा. घेताना आतल्या-बाहेरच्या दोन्ही युनिटांचे सिरियल नंबर कंपनीला फोन करून विचारा, फुकट काम आहे.

दुकानात गेलो. मे महिन्यात "काका" म्हणणारा थेट हिंदीवर उतरला, "देखिए अंकल, बिल दिखाइए." यूपीआयचे पैसे त्याच्या मेहुण्याच्या खात्यात गेल्याचं तेव्हा कळलं. स्कॅन करताना नाव वाचा हो!

कंपनी म्हणते, आमच्या विक्रेत्याकडचा माल नाही. ग्राहक हेल्पलाइनवरची बाई म्हणते, बिल अपलोड करा. अहो, बिल असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? चौकीत पहिल्या दिवशी साहेब नाहीत, दुसऱ्या दिवशी "सिविल मैटर है, फोरम जाओ". निदान लिहून तरी घ्या म्हटलं, तर कागद संपलेत. कागद! लेखी अर्ज घेऊन जा, आणि पोचशिक्क्यासाठी दुसरी प्रत. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. तिथला अर्ज मी भरतो आहे, पुरावा म्हणून यूपीआयची नोंद आणि सोललेला स्टिकर.

तिसऱ्या खेपेला चौकीतल्या मुंशीने विचारलं, करते क्या हो? सांगितलं. त्याचा चेहरा उजळला, "अरे, हमारे मंदिर की पेटी भी पड़ी है." आणून दिली. भाता फाटलेला, दोन सूर मुके. दुरुस्त करून दिली, पैसे घेतले नाहीत. अर्जाची पोच अजून मिळालेली नाही.