उपवासकाळात कोणती सेवा घ्यावी? एपिस्कोपल पॅरिशमधील पर्यायांचा तुलनात्मक आढावा

नगर, नाशिक, पुणे किंवा मुंबईकडच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलेले आणि आता अमेरिकेत घराजवळच्या एपिस्कोपल पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या अँग्लिकन चर्चच्या स्थानिक मंडळीत, जाऊ लागलेले मराठी ख्रिस्ती जन सुरुवातीचे काही महिने बहुधा मागच्या बाकावर बसून काढतात. पुढे कधीतरी, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधी, सेवांच्या नावनोंदणीचा कागद त्यांच्याही हाती येतो आणि यातले नेमके काय घ्यावे हा प्रश्न पडतो. शास्त्रपाठाचे वाचक, वेदीची तयारी व निगा राखणारे ऑल्टर गिल्ड, प्रभुभोजनाचा प्याला देणारे, आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन नेणारे, आठवड्यातल्या एका संध्याकाळी सूप करणारे अशी नावे त्यात असतात, आणि एखाद्याच्या मनात त्याहून मोठा, म्हणजे बिशपच्या हस्ते दीक्षा घेऊन करायच्या सेवेचा, विचारही घोळत असतो. प्रभुभोजनात सहभागी होण्याची अडचण येथे नसते, कारण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एपिस्कोपल चर्चप्रमाणेच अँग्लिकन परिवाराची सदस्य आहे. अडचण येते ती कामाच्या वाटणीची. पाळकसाहेबांनी करायचे म्हणून आपण जे गृहीत धरतो, त्यातले पुष्कळसे येथे सभासद करतात, आणि ते कुणी करावे याचे नियम बऱ्यापैकी काटेकोर आहेत.

निवडीबाबतचे मत आधीच सांगून टाकणे बरे. उपवासकाळासाठी एकच सेवा घ्यावी, आणि ती घेताना आपल्याला काय आवडते यापेक्षा आपल्याकडे कोणत्या जातीचा वेळ आहे हे पाहावे. ठरलेल्या घटकेचा वेळ, कधीही काढता येणारा वेळ आणि दुसऱ्याच्या सोयीने द्यावा लागणारा वेळ या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि नावनोंदणीच्या कागदावर हा फरक कुठेच दिसत नाही.

प्रथम दीक्षित आणि अदीक्षित सेवकांमधली रेषा पाहू. एपिस्कोपल चर्चमध्ये बिशप, प्रीस्ट आणि डीकन हे तिघे दीक्षित असतात. पॅरिशचा कारभार पाहणाऱ्या प्रीस्टला रेक्टर म्हणतात. १९७६ च्या सर्वसाधारण अधिवेशनाने स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता दिल्यापासून ही व्यक्ती स्त्री असणे आता नित्याचे झाले आहे. ही रेषा पगाराने आखलेली आहे असा नवख्याचा समज होतो, परंतु बहुसंख्य डीकन पगार घेत नाहीत, आपापली नोकरी सांभाळून सेवा करतात आणि तरीही ते दीक्षितच असतात. उपासनेत जी रेषा दिसते ती मात्र प्रीस्ट-बिशप आणि बाकी सर्व यांच्यातली आहे, आणि ती तीन गोष्टींवर आहे: पापक्षमेची घोषणा, आशीर्वाद आणि प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाचे पवित्रीकरण. या तिन्हींना प्रीस्ट किंवा बिशपच लागतो. राखेच्या बुधवारच्या उपासनेत हे अगदी जवळून दिसते. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकानुसार पश्चात्तापाच्या प्रार्थनेनंतर प्रीस्ट उभे राहून क्षमेची घोषणा करतात. तीच उपासना डीकन किंवा अदीक्षित सेवक चालवत असेल, तर त्याने गुडघे टेकलेलेच राहायचे आणि घोषणेऐवजी सकाळच्या प्रार्थनेतली क्षमायाचना म्हणायची, म्हणजे ‘तुम्हांला’च्या जागी ‘आम्हांला’ येते. गुड फ्रायडेच्या उपासनेचा मोठा भाग मात्र प्रीस्ट नसताना डीकन किंवा अदीक्षित सेवकही चालवू शकतो. लहान पॅरिशमध्ये प्रीस्ट पुष्कळदा अर्धवेळच असतात, त्यामुळे ही तरतूद कागदावरच राहते असे नाही.

आता पर्याय. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात; त्यातले सहा रविवार वगळले की उपवासाचे ४० दिवस उरतात. काम मात्र या दिवसांवर सारखे पसरलेले नसते. पहिले पाच आठवडे संथ जातात आणि झावळ्यांच्या रविवारपासून आठ दिवसांत सगळे एकदम अंगावर येते.

वाचकाची सेवा ठरलेल्या घटकेची आहे. तिला बिशपचा परवाना लागत नाही. यादीत नाव आले की आपल्या रविवारी जुन्या करारातला उतारा किंवा पत्रातला उतारा वाचायचा. शुभवर्तमान डीकन किंवा प्रीस्ट वाचतात. तीन वर्षांच्या पाठक्रमातील पहिल्या वर्षी उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी यहेज्केलच्या ३७ व्या अध्यायातले वाळलेल्या हाडांचे खोरे येते. असा उतारा दोन दिवस आधी घरी मोठ्याने वाचून पाहिला नसेल, तर वाचणाऱ्याची फजिती होते. आपल्या उच्चारांची लाज वाटते म्हणून अनेक मराठी माणसे या सेवेपासून दूर राहतात. ती भीती अनाठायी आहे, कारण सावकाश वाचणाऱ्याचा कोणताही उच्चार कळतो आणि घाईने वाचणाऱ्या अमेरिकनाचाही कळत नाही. झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचा वृत्तांत भूमिका वाटून वाचता येतो आणि जमावाचे शब्द सारी मंडळी म्हणते. भित्र्या वाचकाने तेथून सुरुवात करावी. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. पंडिता रमाबाईंचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी झाले आणि एपिस्कोपल पंचांगात ५ एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे. तो पुष्कळदा उपवासकाळात येतो, पवित्र सप्ताहात किंवा ईस्टरच्या आठवड्यात आला तर त्या वर्षी मागे पडतो. आठवड्यातल्या मधल्या दिवशीच्या उपासनेत त्यांच्याविषयी चार वाक्ये सांगायला, मुक्ती मिशन आणि केडगाव ही नावे नीट उच्चारणारा माणूस मिळाला, तर रेक्टर सहसा आनंदाने होकार देतात.

ऑल्टर गिल्डची सेवा याच्या नेमकी उलट आहे. तिला लोकांपुढे यावे लागत नाही आणि तिचा बराचसा वेळ आपल्या सोयीने काढता येतो. उपवासकाळात बहुतेक पॅरिशमध्ये वेदीवर फुले नसतात, हालेलूया म्हटले जात नाही, वेदीचे वस्त्र जांभळे होते किंवा काही ठिकाणी न विरंजलेल्या साध्या तागाचे असते. त्यामुळे फुलांचे काम थांबते, कापडांचे थांबत नाही. प्याला पुसण्याच्या छोट्या रुमालांवर द्राक्षारसाचे आणि लिपस्टिकचे डाग असतात. ते रुमाल आधी पाण्यात खळबळायचे आणि ते पहिले पाणी सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे वेदीचे साहित्य ठेवण्याच्या खोलीतल्या, वेगळ्या कुंडात ओतायचे, ज्याचा निचरा गटारात न जाता थेट जमिनीत होतो. मग हाताने धुवायचे, ओलसर असतानाच इस्त्री करायची आणि तीन घड्या घालायच्या. प्याला व थाळी ज्यावर ठेवतात त्या चौकोनी कापडाच्या घड्या अशा आतल्या बाजूला घालतात की उघडल्यावर नऊ चौकोन दिसावेत आणि भाकरीचा कण पडला असेल तर तो आतच राहावा. हे शिकायला फार वेळ लागत नाही, पण कुणीतरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते. गिल्डमध्ये ज्येष्ठ स्त्रियांचा भरणा असतो आणि त्यांची शिस्त कडक असते. घरी सणावारी चुलत्या-मावश्यांच्या देखरेखीखाली काम केलेल्याला हे वातावरण परके वाटणार नाही. पुरुषांनाही येथे मज्जाव नाही, ते फक्त येत नाहीत.

या सेवेची खरी किंमत पवित्र सप्ताहात मोजावी लागते. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीची घंगाळी, तांबे आणि पंचे तयार ठेवायचे, उपासना संपताच वेदीवरचे सर्व काही उतरवून ती उघडी करायची, शुक्रवारी ती तशीच ठेवायची आणि शनिवारी, जागरणाच्या उपासनेआधी, पांढरी वस्त्रे, लिलीची फुले आणि मोठी पास्काची मेणबत्ती असा सारा थाट पुन्हा उभा करायचा. हे तीन दिवस रजा मिळणार नसेल, तर गिल्डला आधीच तसे सांगावे. पहिले पाच आठवडे इस्त्री करून ऐन वेळी गावाला जाणाऱ्या सदस्यापेक्षा फक्त शनिवारी येणारा माणूस त्यांना जास्त हवा असतो.

प्याला देणाऱ्यांची सेवा वाचकासारखीच ठरलेल्या घटकेची आहे, मात्र तिला परवाना लागतो; रेक्टर शिफारस करतात आणि बिशप ठरावीक मुदतीसाठी परवाना देतात. हात स्थिर असावा, प्रत्येकानंतर प्याल्याची कड पुसून तो थोडा फिरवावा, एवढे कौशल्य पुरे. या सेवेसाठी नावे सहसा कमी पडत नाहीत.

कमी पडतात ती घरी प्रभुभोजन नेणाऱ्यांची, ज्यांना येथे युकॅरिस्टिक व्हिजिटर म्हणतात, आणि माझ्या मते सर्व पर्यायांत हीच सेवा सर्वांत मोलाची व सर्वांत अवघड आहे. रविवारच्या उपासनेत पवित्र झालेली भाकर आणि द्राक्षारस एका लहान पेटीत घेऊन, शक्यतो त्याच दिवशी, उपासनेला येऊ न शकलेल्याच्या घरी, इस्पितळात किंवा वृद्धाश्रमात न्यायचे असते. यालाही बिशपचा परवाना लागतो, शिवाय असहाय माणसांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी सामान्यतः आवश्यक असते, आणि पुष्कळ पॅरिश दोघांना मिळूनच पाठवतात. पेटी गाडीत ठेवून वाटेत वाणसामान घ्यायला थांबायचे नसते. प्रत्यक्ष विधी छोटा आहे: एक उतारा, पापांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि प्रभुभोजन. वेळ जातो तो विधीनंतर. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठणारा माणूस बोलत नाही आणि एकटी राहणारी आजी थांबत नाही. दोन्ही ठिकाणी आपण घड्याळाकडे पाहिले की ते त्यांच्या लक्षात येते. म्हणून ही सेवा दुसऱ्याच्या सोयीने द्यावयाच्या वेळेची आहे आणि लहान मुले असलेल्या घरातल्या माणसाने ती विचार करूनच घ्यावी. उलट, उपवासकाळात घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांची आपल्याकडची सवय येथे फार उपयोगी पडते. अनोळखी दिवाणखान्यात बसून, चहाला नकार न देता, प्रार्थना करणे ज्याला जमते, त्याचे अर्धे प्रशिक्षण झालेलेच असते.

संध्याकाळच्या सूपबद्दल थोडक्यात सांगता येईल. घरून क्रॉकपॉटमध्ये सूप आणायचे, त्यात दूध, गहू किंवा शेंगदाणे आहेत का याची चिठ्ठी लावायची, जेवणानंतर तासाभराचा अभ्यासवर्ग किंवा क्रूसाच्या वाटेची भक्ती असते. मसुराची कमी तिखट आमटी तेथे सूप म्हणून सहज खपते. सूप आणणारे पुष्कळ असतात, भांडी घासायला मागे राहणारे दोघेही मिळत नाहीत. नव्या माणसाने भांड्यांकडे नाव लिहिले तर त्याची ओळख तिप्पट वेगाने होते. परवाना नाही, प्रशिक्षण नाही आणि एखादा आठवडा चुकला तरी कुणाचे अडत नाही.

एकूण, पॅरिशमध्ये पहिलेच वर्ष असेल तर सूपची भांडी किंवा वाचन घ्यावे. फिरतीची किंवा पाळ्यांची नोकरी असून पवित्र सप्ताहाची रजा मिळत असेल तर ऑल्टर गिल्डला पर्याय नाही. निवृत्त असाल, गाडी चालवत असाल आणि ऐकण्याची सवय असेल, तर बाकी सर्व सोडून घरोघरी जाण्याची सेवा घ्यावी. मात्र परवाना व प्रशिक्षणाला वेळ लागत असल्याने तिची बोलणी नाताळानंतर लगेच सुरू करावी लागतात. राखेच्या बुधवारी नाव दिलेला माणूस प्रत्यक्ष घरांत जायला लागेपर्यंत ईस्टर उलटून गेलेला असतो, आणि त्यात काही बिघडत नाही, कारण आजारी माणसे उपवासकाळ संपला म्हणून बरी होत नाहीत.

राहिला दीक्षेचा विचार. उपवासकाळात तो अनेकांच्या मनात येतो, आणि याच काळात त्यावर निर्णय घेऊ नये असे मला ठामपणे वाटते. रेक्टर या दिवसांत दमलेले असतात: जादा उपासना, खासगी पापांगीकारासाठी येणारी माणसे, आजाऱ्यांच्या भेटी, पवित्र सप्ताहातले रोजचे उपदेश, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच सप्ताहात बिशपांसमोर दीक्षेच्या वचनांचे नूतनीकरण. त्यांना हा प्रश्न वेळ देऊन ऐकता येईल असा महिना ईस्टरनंतर येतो. प्रवासही लांबचा आहे. पॅरिशच्या समितीबरोबर विचारविनिमय, वेस्ट्रीचा (पॅरिशच्या कारभारी मंडळाचा) पाठिंबा, बिशप आणि डायोसिसचा (बिशपच्या अधिकारक्षेत्राचा) सेवा-आयोग, मग उमेदवारीचे टप्पे अशी ही वाट असून तिला वर्षे लागतात. त्या वाटेवर असलेल्याने वर्षातून चार वेळा बिशपांशी प्रत्यक्ष भेटून किंवा पत्राने संपर्क ठेवायचा असतो, आणि त्यातला एक आठवडा उपवासकाळाच्या पहिल्या रविवारनंतरचा आहे. प्रीस्टसाठी सामान्यतः तीन वर्षांचे सेमिनरीचे शिक्षण असते, आणि त्याआधी काही महिने डीकन म्हणून सेवा करावीच लागते. कायमचा डीकन होऊ इच्छिणाऱ्याचे शिक्षण नोकरी सांभाळून, डायोसिसच्या व्यवस्थेत होऊ शकते.

या दोघांत निवड करताना लोक वेदीपाशी कोण कुठे उभे राहते ते पाहतात. पाहायला हवे ते दीक्षेच्या वेळी दिलेले वचन. डीकनने गरीब, दुर्बल, आजारी आणि एकाकी माणसांची सेवा करण्याचे वचन दिलेले असते आणि जगाच्या गरजा चर्चपुढे मांडणे हे त्याचे काम असते. प्रीस्टकडे एका मंडळीचा सगळा भार येतो, त्यात छपराची गळती आणि अंदाजपत्रकही आले. ज्याला घरोघरी जाण्याची सेवा मनापासून आवडते पण वेस्ट्रीच्या बैठकीत झोप येते, त्याने प्रीस्ट होण्याचा अर्ज भरण्याआधी एखाद्या डीकनबरोबर दोन-चार वेळा तुरुंगभेटीला किंवा अन्नवाटपाला जाऊन यावे. बहुतेक डीकन सोबतीला कुणी आले तर नाही म्हणत नाहीत.