शेतावरचं नवं जीपडं: पान्याच्या बाजूनं

जालन्याच्या आसपास बियाणं कंपन्यांचे फार्म पुष्कळ. त्यातल्या एका फार्मवर साइड-बाय-साइड गाड्या दोन आहेत. एक जुनी कार्बोरेटरची, दुसरी अलीकडं आलेली इंजेक्शनची. ज्यांनी ही गाडी बघितलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेजारी-शेजारी सीट, डोक्यावर पाइपांचा पिंजरा, मागं उलटणारा हौदा, पेट्रोल इंजिन, पायात क्लच नाही, आणि चिखलात गरज पडली तर चारही चाकं ओढतात. फार्मवर सगळे जीपडं म्हणतात. दोन्ही एकाच कंपनीच्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, पार्टसाठी मला त्यांच्याच डीलरच्या दारात उभं राहावं लागतं.

माझा मूळ धंदा ट्रॅक्टर दुरुस्तीचा. गाडी पळते कशी, चढते कशी, हे दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पाना लावायला ती कशी आहे, हे कुणी सांगत नाही. दोन्ही गाड्यांची सर्व्हिस माझ्याकडंच असते, म्हणून नव्या गाडीत कंपनीनं काय बदललंय ते उघडून बघायला मिळालं.

सुरुवात बेल्टपासून करतो, कारण या गाडीचा जीव बेल्टमध्ये आहे. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असतो तोच प्रकार, फक्त अंगानं मोठा. दोन पुल्या आणि मधे रबरी बेल्ट. इंजिनाचे फेरे वाढले की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुली मिटते, बेल्ट वर चढतो आणि गाडी वेग घेते. जुन्या गाडीत या बेल्टचं झाकण उघडायचं म्हणजे आधी मागचं चाक काढा, मग आतला प्लास्टिकचा पडदा काढा, मग झाकणाचे स्क्रू. त्यातले वरचे दोन तर दिसतच नाहीत, बोटानं चाचपून बिट बसवावा लागतो. एखादा हातातून निसटला की खालच्या गार्डाच्या पोटात जाऊन बसतो, आणि गॅरेजातलं पोरगं टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं.

नव्या गाडीत झाकणाचं तोंड चाकाच्या पोकळीकडं केलंय. स्टेअरिंग फिरवायचं नाही, चाक काढायचं नाही, सरळ हात जातो. स्क्रू कमी झालेत, आणि सैल केले तरी झाकणातच अडकून राहतात, खाली पडत नाहीत. पुली फाकवायचं हत्यार सीटखालच्या टूलकिटमध्येच दिलंय. ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं कधीतरी स्वतःच्या हातानं बेल्ट बदललेला असणार, त्याशिवाय हे सुचत नाही.

बेल्टच्या डब्याला थंड हवा देणारा पाइपही वर उचललाय, सीटच्या पाठीमागं. जुन्या गाडीत त्याचं तोंड हौद्याखाली होतं. पावसाळ्यात नाल्यातून गाडी घातली की पाणी आत, आणि मग इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. उन्हाळ्यात त्याच तोंडातून धूळ. आता दोन्ही बरंच कमी झालं. एवढं करूनही बेल्ट जळतो, पण ते पाप कंपनीचं नाही. खताची पोती हौद्यात आणि गिअर हायमध्ये, असं चालवलं की बेल्ट घसरून तापतो. ओझं असेल, चिखल असेल, तर लो टाकायचा. ड्रायव्हरला किती वेळा सांगितलं.

"उस्ताद, लोमध्ये लई हळू चालती ना."

"चालू दे. कामून, रेस लावायची का?"

एअर फिल्टर आता हत्याराशिवाय निघतो. बाजूचं झाकण, क्लिपा उचकटल्या की फिल्टर हातात. जुन्या गाडीत आधी सीट, मग एक पट्टी, मग चिमट्यासारखा क्लँप. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 वर आणि शेतरस्त्यावर पीठासारखी धूळ, तेव्हा फिल्टर बघणं ड्रायव्हरलाच जमलं पाहिजे, त्यासाठी गाडी माझ्याकडं आणायची काय गरज. एक सांगतो: फिल्टर काढला की डब्याच्या आत, इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवून बघा. बोटाला माती लागली तर फिल्टर नीट बसलेला नव्हता, झटकून उपयोग नाही, नवा टाका आणि काठाला ग्रीसचं बोट फिरवून बसवा.

इथवर कौतुक. आता ऑइल.

जुन्या गाडीत ऑइलची काडी सीट उचलली की समोर. नव्या गाडीत ती हौद्याखाली गेली. म्हणजे हौदा उलटा केल्याशिवाय ऑइल दिसत नाही. फार्मवर सकाळी सातला हौद्यात ठिबकच्या नळ्या, फवारणीची टाकी, ट्रायल प्लॉटच्या पाट्या, पाण्याचा ड्रम, सगळं भरून तयार असतं. ते उतरवून रोज काडी कोण बघणार? कुणीच बघत नाही. शोरूममध्ये रिकामा हौदा एका हातानं उचलला जातो, गॅसचा दट्ट्या वर ढकलतो, सेल्समन हसतो. शेतावर हौदा रिकामा असतो कधी? रोज बघायची गोष्ट ओझ्याच्या खाली ठेवायची, हा या गाडीतला सगळ्यात वाईट बदल.

ऑइल सोडायचंही तसंच. खालचं गार्ड आता पूर्ण पोटभर आहे. ते एका अर्थी चांगलंच, तुऱ्हाटीचे बुडखे इंजिनाला लागत नाहीत. बुचाखाली भोक ठेवलंय, पण ते बुचाच्या नेमकं खाली नाही, अंगठाभर पुढं आहे. बुच काढलं की पहिली गरम धार गार्डावर पडते, पसरते, आणि पुढं चार दिवस थेंब-थेंब गळत राहते. मग मालक फोन करतो, मिस्त्री, इंजिन लीक झालंय. मी ऑइलचा रिकामा डबा कापून त्याची पन्हाळ केली, ती भोकातून आत सरकवतो आणि मगच बुच फिरवतो. बुचाचं वायसर दर वेळी नवं टाकायचं, जुनंच परत दाबलं तर खरंच गळेल.

रेडिएटरला मात्र पूर्ण मार्क. आपली काळी माती ओली झाली की चाकाला धरते, चाक ती पुढं फेकतं, आणि जुन्या गाडीचा रेडिएटर नेमका त्या वाटेत खाली बसलेला. एका पावसाळी दिवसात जाळी लिंपून निघायची, तापमानाचा दिवा लागायचा. नव्या गाडीत रेडिएटर वर घेतलाय, पुढं सुटी जाळी आहे, दोन खिट्ट्या फिरवल्या की निघते. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारायचं, आणि साध्या नळीनं. वॉशिंग सेंटरवाला समोरून प्रेशर मारतो, त्यानं माती आणखी आत ठासते आणि पत्र्याच्या पट्ट्या वाकतात ते वेगळंच.

ग्रीसच्या निप्पल कमी केल्यात. जुन्या गाडीला सस्पेन्शनच्या हातांवर जागोजागी निप्पल होत्या, ग्रीसगन लावली की जुना चिखल नव्या ग्रीसमागं बाहेर यायचा. नव्यात बऱ्याच ठिकाणी बंद बुश आहेत, पुस्तकात लिहिलंय ग्रीसिंग लागत नाही. बांधावरच्या कोरड्या रस्त्याला लागत नसेल. काळ्या रानात बंद बुशमध्ये एकदा गाळ शिरला की बाहेर यायला वाट नाही. माझं मत विचाराल तर निप्पल ठेवायला हव्या होत्या. पुढच्या सर्व्हिसला चाक वर घेऊन हलवून बघा, खडखड आली की बुश बदलायचा, दुसरा उपाय नाही. अ‍ॅक्सलचे रबरी बूटही तेव्हाच बघून घ्या, काटा घुसून फाटलेला बूट स्वस्तात बदलतो, आतला जॉइंट गेला तर नाही.

स्क्रू सगळे टॉर्क्स, सहा पाकळ्यांचे. एलन पाना घालून झटापट करू नका, डोकं गोल होतं. प्लास्टिकच्या क्लिपा उन्हात कडक होऊन काढताना तुटतात. जुन्या गाडीत तिथं साधे बोल्ट होते.

वायरिंगमध्ये एक छान गोष्ट केलीय. बॉनेटखाली जादा सामानासाठी वेगळा ठोकळा दिलाय, फवारणीचा 12 व्होल्टचा पंप, मागचा दिवा, जे लावायचं ते तिथं लावा. जुन्या गाडीत इलेक्ट्रिशियननं हेडलाइटची वायर सोलून पंप जोडला होता आणि मग फ्यूज उडायचे. सीटबेल्ट लावला नाही तर नवी गाडी 24-25 च्या वर पळतच नाही. त्यावर उपाय फार्मवर पहिल्याच आठवड्यात निघाला: बेल्ट सीटच्या मागून घेऊन कायमचा लावून ठेवलाय. मी सर्व्हिसला सोडवतो, ते परत लावतात.

इंजेक्शन आल्यामुळं चोक ओढायचं, जेट साफ करायचं काम संपलं. मीटरवर फॉल्टचा नंबर येतो, पण पुढचं डीलरच्या लॅपटॉपशिवाय उलगडत नाही. ट्रॅक्टरमध्येही हेच झालंय. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 चे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे, नियम लागले, तेव्हापासून तिथंही स्कॅनरशिवाय पान हलत नाही. तक्रार करून फायदा नाही, शिकून घ्यावं लागतं.

पेट्रोलचं मात्र डोक्यात ठेवा. या गाडीच्या पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं छापलंय, आणि आपल्या पंपावर आता 20 टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. खरीप आटोपल्यावर गाडी शेडमध्ये उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका, आणि इंधनाच्या नळ्या दर सर्व्हिसला दाबून बघा, फुगल्या किंवा चिकट लागल्या तर बदला. वॉरंटीत हे बसतं का, ते डीलरकडून लेखी घ्या. आमच्या फार्मला तोंडी 'हो' मिळालंय, कागद अजून आला नाही.

या पैशात चांगला ट्रॅक्टर येतो, हे खरं. पण ट्रायल प्लॉटमधून माणसं आणि क्रेट फिरवायला ट्रॅक्टर न्यायचा म्हणजे रान दाबलं जातं. मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटणारा गिअर, बटणावर मोकळं होतं, त्यामुळं वळताना मातीही उकरत नाही. फार्म मोठा असेल तर घ्या. घेताना बेल्ट एक, एअर फिल्टर दोन आणि क्लिपांची पिशवी त्याच बिलात टाकून घ्या, नाहीतर ऐन सप्टेंबरात पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलची वाट बघत बसाल. आणि डेमोला गाडी आली की आधी हौद्यात चार पोती टाका, मग सेल्समनला म्हणा, ऑइलची काडी दाखव.